सिन्नर आणि अंजनेरी: दगडातलं कोरीवकाम बघायला शनिवार-रविवार कसा लावावा

गोंदेश्वर म्हणजे सिन्नरचं महादेवाचं जुनं दगडी देऊळ. शिर्डीला जाता जाता "गोंदेश्वरही करून घेऊ" म्हणणाऱ्यांची गाडी सिन्नरला पोचते ती हमखास साडेबाराला. वाटेत मिसळ झालेली असते, ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि दगड तळपायाला चटके देत असतो. पाऊण तासात दर्शन, नंदीजवळ फोटो, एखादी रील, की चला. कोरीवकाम कोणी पाहिलेलंच नसतं. दोष त्यांच्या नजरेचाही नसतो, कारण त्या वेळी ते दिसतच नाही. वरून सरळ पडणाऱ्या उन्हात काळ्या दगडावरची खोदाई सपाट होऊन जाते. सकाळी-संध्याकाळी ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा त्याच भिंतीवर हात, दागिने, हत्तींच्या सोंडा वर उठून येतात.

म्हणून खालचा सगळा क्रम उन्हावर बसवला आहे. जेवण, खरेदी, विश्रांती हे सगळं दुपारी. सकाळ-संध्याकाळ फक्त दगडासाठी. नाशिकमध्ये राहणाऱ्यांना हे दोन दिवस घरूनच करता येतात. बाहेरून येणाऱ्यांनी मुक्काम नाशिकला करावा, म्हणजे दोन्ही बाजू सोयीच्या पडतात.

## १. ठिकाणं दोनच ठेवा

सगळ्यात मोठी चूक यादी करतानाच होते. पांडवलेणी, गोंदेश्वर, अंजनेरी, त्र्यंबकेश्वर, अंकाई-टंकाई आणि जमलं तर झोडगे, असं सगळं दोन दिवसांत बसवायला गेलं की हाताला लागतो तो फक्त रस्ता. झोडग्याचं माणकेश्वर मंदिर मालेगावच्याही पुढे, धुळ्याच्या वाटेवर आहे. अंकाई मनमाडजवळ. या दोन्हींसाठी वेगळे दिवस काढा.

या सहलीत एवढंच:

शनिवारी सिन्नर. नाशिकहून पुणे रस्त्याने साधारण ३० किलोमीटर. शिंदे-पळसे, मग मोहदरी घाट आणि सिन्नर.

रविवारी अंजनेरी. त्र्यंबक रस्त्याने साधारण २० किलोमीटर.

क्रम उलटा करू नका असं कोणी म्हणणार नाही, पण मी करणार नाही. गोंदेश्वर बरंचसं शाबूत आहे. जोतं, भिंत, शिखर, मंडप, गाभारा ही सगळी अंगं तिथे जागच्या जागी बघायला मिळतात. अंजनेरीला बहुतेक अवशेष आहेत. पूर्ण मंदिर आदल्या दिवशी नजरेत बसलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधाजवळ पडलेला दगड उंबऱ्याचा की छताचा, हे ओळखता येतं. आधी अंजनेरी केलीत तर ते नुसते दगड वाटतील.

तपासा: बरोबरच्या मंडळींना "त्र्यंबकला दर्शन" अपेक्षित आहे का, हे आधीच विचारून घ्या. असेल तर रविवारची सगळी आखणी रांगेच्या हवाली होते. ते दर्शन वेगळ्या दिवशी ठेवा.

## २. महिना आणि वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडी हे त्याचं एक कारण. दुसरं असं की, नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो. त्यामुळे मंदिराच्या दक्षिण भिंतीला दिवसातला बराच वेळ तिरपं ऊन मिळतं. मे-जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. तेव्हा कामाची वेळ सकाळी आठ-साडेआठपर्यंतच.

पावसाळ्यात परिसर छान हिरवा असतो, फोटोही छान येतात. पण ढगाळ उजेडात खोदाई बुजते आणि जोत्यावर शेवाळ धरतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर नकोच.

टाळायचे दिवस: महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणाऱ्या गर्दीत त्र्यंबक रस्त्यावर गाडी घालण्यात काही अर्थ नाही. सिंहस्थाच्या काळात तर आदल्या दिवशी रस्त्यांची चौकशी केल्याशिवाय निघू नका.

## ३. पिशवी भरणं

पाणी, टोपी वगैरे सांगायला नको. लोक विसरतात ते हे:

जाड सुती मोजे. चपला बाहेर राहतात आणि दगड तापतो. हिवाळ्यात पहाटे उलट होतं, गार दगडाने पाय बधिर होतात. दोन्ही वेळी मोजेच उपयोगी. नायलॉनचे नकोत, गुळगुळीत दगडावर घसरतात.

हातातला टॉर्च. मोबाईलचा उजेड पसरट पडतो. साधा, एका दिशेला झोत टाकणारा टॉर्च हवा. त्याचा वापर पुढे येईल.

छोटी दुर्बीण, असेल तर. शिखराचा वरचा भाग आणि मंडपाचं छत यासाठी. नसेल तर मोबाईलचा झूम चालेल.

सतरंजी किंवा जुनी चादर. छताकडे मान वर करून बघणं दोन मिनिटांत नकोसं होतं. आडवं होऊन बघितलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही. कोणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत मात्र पसरू नका.

दोन रिकामी पोती आणि थोडी सुतळी. पाटा-वरवंटा घ्यायचा असेल तर.

नेऊ नका: खडू, कोळसा, पीठ, तेल. शिलालेखाची अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू घासणारे, पीठ चोळणारे लोक अजूनही भेटतात. दगडाच्या बारीक छिद्रांत ते जाऊन बसतं आणि मग निघत नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. ट्रायपॉड आणि ड्रोनला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आयत्या वेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही होत नाही.

## ४. शनिवार सकाळ: गोंदेश्वर, बाहेरून

जानेवारीत नाशिकला सूर्य सात-सव्वासातच्या सुमाराला उगवतो. त्या हिशेबाने घरून सहालाच निघा. एसटी सिन्नरला जातेच, सिटीलिंकची बसही जाते. सिन्नर बसस्थानकावरून रिक्षाने देऊळ जवळ आहे. मिसळ परतताना. निघताना चहा-बिस्किटं पुरेत.

मंदिराचं तोंड पूर्वेला आहे. मधलं मोठं देऊळ महादेवाचं, चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, समोर नंदीचा मंडप आणि हे सगळं एका उंच जोत्यावर. चार छोटी देवळं सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपतीची. याला पंचायतन म्हणतात.

आई-वडील, मावशी-काका बरोबर असतील तर आधी त्यांचं दर्शन होऊ द्या. देव बघायच्या आधी दगड बघायला लावलं तर त्यांचं चित्त लागत नाही, आणि "झालं का?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येत राहतो. बाकीच्यांनी मात्र आत न शिरता असं करावं:

पहिली फेरी लांबून. आवाराच्या कडेकडेने एक पूर्ण प्रदक्षिणा. काही शोधायचं नाही, फोटोही नाही. शिखर आणि खालची भिंत यांचं प्रमाण आणि छोटी देवळं मोठ्याच्या मानाने कुठे बसली आहेत, एवढंच नजरेत घ्यायचं. नंतर जवळ गेल्यावर हे दिसत नाही.

दुसरी फेरी जोत्याची. आता खाली बघा. दगडाचे आडवे थर एकावर एक चढत जातात. त्यात हत्तींचा थर आहे, त्याला गजथर म्हणतात. पोरांना इथे गुंतवा: सगळे हत्ती सारखे आहेत का, कोणाची सोंड वेगळी वळली आहे, कोणाचं तोंड झिजलंय. मोठी माणसं सहसा हा थर ओलांडून थेट पायऱ्या चढतात.

तिसरी फेरी भिंतीची. भिंत सरळ नाही. कोपऱ्याकोपऱ्याने आत-बाहेर होते, म्हणून तिच्यावर सावल्यांच्या उभ्या पट्ट्या पडतात. सकाळी आधी पूर्व बाजू, मग दक्षिण. पश्चिमेची पाठभिंत सकाळी सावलीत असते, तिला संध्याकाळी यायचंय. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. ती शेवटी घ्या आणि सावलीला डोळे सरावू द्या. अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकराचं तोंड याच अंगाला आहे.

एका जागी थांबून सांधे शोधा. एक दगड कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे बऱ्याच ठिकाणी चटकन सापडत नाही. कधी नक्षीच्या मधूनच सांधा जातो आणि नक्षी तशीच पुढे चालू राहते. दोन दगडांच्या मध्ये चुन्याचा जाड थर दिसणार नाही. एकाची खाच आणि दुसऱ्याचा उंचवटा एकमेकांत बसवून आणि वरच्या दगडाच्या वजनावर हे काम उभं आहे. मध्येच कोरा, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दगड आला तर तो बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा. जुनं-नवं ओळखायची ही सोपी खूण, पुढे अंजनेरीलाही कामी येते.

दगडाकडे अगदी वीतभर अंतरावरूनही बघा. काळ्या-करड्या पृष्ठभागावर मध्येच पांढरे, बारीक ठिपके दिसतात, काही ठिकाणी नुसती रिकामी भोकं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं साठत गेली. असा ठिपका नेमका मूर्तीच्या नाकावर आला तर कारागिराला काय कसरत करावी लागली असेल! दुपारच्या आणि खरेदीच्या वेळी हे ठिपके परत लागतील, लक्षात ठेवा.

शेवटी शिखर. मान वर करायच्या आधी थोडं लांब या. चारही अंगांना मधोमध एकेक उभा पट्टा वरपर्यंत गेला आहे आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचल्या आहेत. या पद्धतीला भूमिज म्हणतात. खालून वर ओळी मोजत जा. मोजताना मध्येच चुकायला होतं, कारण वर जाताना त्या लहान होत जातात.

सावधान: जोत्याच्या कडेवर मुलांना धावू देऊ नका. उंची खालून वाटते त्यापेक्षा जास्त आहे आणि कठडा नाही.

## ५. मंडप आणि गाभाऱ्याचं दार

नऊ वाजले की बाहेरचं सकाळचं काम संपलं. आता आत.

टॉर्चची चूक सगळे करतात. समोरून, सरळ मूर्तीवर झोत टाकतात. मूर्ती पांढरी पडते आणि खोदाई नाहीशी होते. टॉर्च दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटून उभं करा आणि झोत भिंतीच्या कडेने जाऊ द्या. बाहेर ऊन जे करतं तेच आत टॉर्चने करायचं. उथळ रेघासुद्धा सावली टाकते. मग टॉर्च हळूहळू वर-खाली फिरवायला सांगा. मूर्तीचा चेहरा बदलत जातो.

क्रम असा ठेवा:

खांब खालून वर. चौकोन, मग अष्टकोन, मग गोल असा आकार बदलत जातो. खांबाच्या डोक्यावर छताचा भार पेलणारे बुटके गण असतात. त्यांचे चेहरे एकेक करून बघण्यासारखे आहेत, एकाही गणाला हे काम आनंदाने करायचं नाही असं दिसतं.

मग छत. सतरंजी पसरा, आडवे व्हा. दगड कडेकडेने पुढे सरकवत, वर्तुळं लहान करत वर नेली आहेत. बाहेरच्या वर्तुळापासून आत या. सुरुवातच मधल्या फुलापासून केली तर बाकीचं राहून जातं.

सगळ्यात शेवटी गाभाऱ्याचं दार. चौकटीच्या उभ्या पट्ट्या मोजा, प्रत्येकीची नक्षी वेगळी असते. खाली उंबऱ्यापाशी कीर्तिमुख, म्हणजे वटारलेल्या डोळ्यांचं राक्षसी तोंड, शोधा. त्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा.

सावधान: आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत वटवाघळं असतील तर झोत त्यांच्यावर रोखू नका. आणि पूजा चालू असेल तर टॉर्च बंद, तो विषयच नाही.

## ६. दुपार: आयेश्वर आणि खनिजं

साडेदहा-अकराला बाहेर पडा. आता मिसळ. तिखट झेपत नसेल त्यांनी आधीच सांगावं, नंतर दह्यावर तर्री निभावत नाही.

सिन्नरमध्येच आयेश्वराचं देऊळ आहे, कोणी त्याला ऐश्वर्येश्वर म्हणतं. गोंदेश्वर बघून लोक थेट हमरस्त्याला लागतात आणि हे राहून जातं. हे लहान आहे, शिखर उरलेलं नाही, बाहेरून डोळ्यांत भरणारं काही नाही. पण आत गाभाऱ्यापुढचं मकरतोरण बघा. दोन बाजूंच्या मकरांच्या तोंडातून निघालेली कमान आणि मध्ये नाचणारा शिव. बघायचं काम आतलं असल्यामुळे डोक्यावरचं ऊन इथे आड येत नाही. म्हणून हे दुपारसाठी राखून ठेवलं. टॉर्च पुन्हा बाजूनेच.

त्यानंतर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय. तिकीट लागतं. वेळ फोन करून विचारून घ्या. सकाळी देवळाच्या दगडात जे पांढरे ठिपके पाहिले, त्यांचीच मोठी भावंडं इथे काचेआड असतात. झिओलाइट, अपोफिलाइट, स्टिलबाइट. विहिरी खणताना आणि खाणीत दगड फोडताना या भागातल्या बेसाल्टमधून ही खनिजं निघतात. सकाळ आधी झालेली असली तरच या संग्रहालयाला अर्थ येतो, नाहीतर ते नुसतं चकचकीत दगडांचं दुकान वाटतं.

## ७. पाटा-वरवंटा घ्यायचा असेल तर

देवळाबाहेर आवडला म्हणून घेतला, असं करू नका. घरी आणल्यावर त्याच्या वाटणात महिनाभर कच येते आणि मग तो बाल्कनीत कुंडीखाली जातो. आणखी एक, माप घरूनच ठरवून निघा. ओट्यावर ठेवणार की जमिनीवर? कोण वाटणार? चार माणसांच्या चटणीला फूटभर लांबीचा पाटा पुरतो. पुरणपोळीचं पुरण त्यावर वाटायचं स्वप्न असेल तर मोठा घ्या, आणि तो उचलणार कोण तेही ठरवा.

वजनाचा हिशेब लोक करतच नाहीत. आपला काळा दगड एका घनसेंटिमीटरला साधारण २.९ ग्रॅम भरतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ८ जाड पाटा झाला ३१ किलोच्या आसपास, वरवंटा वेगळा. एसटीने जाणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

जिल्ह्यात मोठ्या रस्त्यांच्या कडेला आणि आठवडे बाजारात ताडपत्रीच्या आडोशाला बसून पाटे, जाती, उखळं, खलबत्ते घडवणारी कुटुंबं दिसतात. तयार माल उचलण्याआधी दहा मिनिटं काम बघा. आधी हातोडा-छिन्नीने ओबडधोबड आकार, मग पृष्ठभाग सपाट करणं आणि शेवटी टाकी. टाकी मारणारा हात एका लयीत चालतो, प्रत्येक घावाला एक बारीक खळगा, आणि खळगे तिरक्या ओळींत सरकत जातात. दगडाची भुकटी उडते, तेव्हा वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नका. फोटो काढण्याआधी विचारा.

मग निवडताना हे तपासा, याच क्रमाने:

आवाज. पाटा एका कडेवर तोलून नाण्याने किंवा छोट्या दगडाने टिचकी द्या. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत तडा असू शकतो.

पाणी. पृष्ठभागावर पाणी ओता आणि सुकू द्या. सगळीकडचं पाणी उडाल्यावरही एखादी ओली काळी रेघ मागे राहिली तर ती भेग आहे.

ठिपके. सकाळचे ते पांढरे ठिपके आठवा. वाटायच्या जागेवर असे ठिपके जास्त असतील तर तो पाटा नको. वाटताना ते सुटतात, त्यांची कच चटणीत जाते आणि मागे राहिलेल्या भोकात मसाला अडकून बसतो.

रंग. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसा. फडकं करडं झालं तर ती भुकटी, चालेल. काळं कुळकुळीत आणि तेलकट झालं तर वर रंग किंवा ऑइल चोळलंय. तो परत ठेवा.

बसणं. सपाट जमिनीवर पाटा डगमगतो का? वरवंटा त्यावर आडवा ठेवून उजेडाकडे बघा. मधोमध फट दिसली तर वाटण तिथून निसटणार. वरवंट्याची लांबी पाट्याच्या रुंदीपेक्षा थोडी कमी हवी, नाहीतर बोटं कडेवर घासतात.

टाकी. खळगे जवळजवळ आणि सारख्या खोलीचे हवेत. खोल, विरळ टाकी दिसायला झोकदार पण ओलं खोबरं नुसतं त्यात भरून बसतं.

जातं घेत असाल तर वरची आणि खालची तळी एकाच जोडीतली घ्या, दोन ढिगांतली जुळवून नको. मधल्या खिळीवर वरची तळी फिरवून बघा. एका बाजूला जड जात असेल तर दळण कुठे बारीक, कुठे भरड पडेल.

घासाघीस? मी करत नाही. हा दगड फोडून, घडवून, टाकी मारून समोर ठेवलेला असतो, आणि आपण आत्ताच मिसळीवर किती घालवले ते माहीत असतं.

सावधान: गाडीत पाटा मागच्या सीटवर ठेवू नका. डिकीत, अगदी तळाशी, पोत्यात गुंडाळून आडवा. वरवंटा वेगळा बांधा. जोरात ब्रेक लागला तर तो गोल दगड डिकीभर फिरतो.

## ८. शनिवार संध्याकाळ: परत गोंदेश्वर

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात. "सकाळी बघितलं की!" पण सकाळी पाठभिंत बघितलेलीच नाही.

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. जानेवारीत तो सव्वासहाच्या सुमाराला, म्हणजे पाचला तिथे हवं. थेट पश्चिमेच्या बाजूला जा. आता ऊन इकडून येतंय आणि सकाळी अंधारात असलेली सगळी पाठ उजळली आहे. भिंतीच्या काटकोनात उभं राहू नका. कोपऱ्यावर जाऊन तिरपं बघा, म्हणजे भिंतीचं आत-बाहेर होणं कळतं. शिखराचे फोटोही आत्ताच काढा.

सकाळी बघितलेला एखादा भाग मुद्दाम परत बघा. दक्षिण भिंतीवर आता सावल्या उलट्या बाजूला पडलेल्या असतील.

सूर्य मावळला की निघा. मोहदरी घाटात शनिवारी रात्री मोठ्या गाड्यांची वर्दळ असते, अंधाराआधी उतरलेलं बरं.

## ९. रविवार: अंजनेरी, सकाळीच

इथे वेळेचं कारण वेगळं आहे. रविवारी दहानंतर त्र्यंबक रस्त्यावर गर्दी वाढत जाते आणि दुपारी परतीला गाड्या रांगेत लागतात. सहाला निघा, अकराच्या आत उलटे फिरा.

अंजनेरी म्हटलं की लोक किल्ल्याची वाट धरतात. या सहलीत किल्ला नाही. पायथ्याच्या गावात आणि आसपास जुन्या देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, हिंदू आणि जैन दोन्ही. काही कुंपणात, काही उघड्यावर. इथल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा शिलालेख आहे. गावात कोणालाही "जुनी देवळं कुठं?" असं विचारा. पिकातून आडवं जाऊ नका, बांधाने जा, आणि बांधावर कोणी असेल तर आधी राम राम आणि परवानगी.

इथला खेळ कालच्यापेक्षा वेगळा: पडलेला दगड बघायचा आणि तो देवळात कुठला असेल ते सांगायचं. मध्ये कीर्तिमुख असलेला लांबट दगड उंबऱ्याचा. एका बाजूला अर्धगोल पाकळ्या असलेला छताचा. चौकोनातून अष्टकोनात जाणारा खांबाचा तुकडा. खालच्या बाजूला बुटका गण असेल तर खांबाच्या डोक्यावरचा. काल गोंदेश्वरला फोटो काढलेत ना, ते इथे उघडून ताडून बघा. पोरं यात मोठ्यांना हरवतात.

सावधान: पडलेल्या दगडांवर चढू नका, त्यांची उतरंड रचू नका. दगडाखाली हात घालू नका, विशेषतः पावसाळ्यानंतर, साप-विंचू असतात. आणि कोरीव तुकडा, कितीही छोटा असो, घरच्या शोकेससाठी उचलायचा नाही. तो जिथे पडलाय तिथेच ठेवला तर कोणाला तरी तो कुठला हे ओळखता येईल.

ऊन चढलं की थांबा. वाटेत अंजनेरीलाच नाण्यांचं संग्रहालय आहे. रविवारी उघडं आहे का ते आधी फोनवर विचारलं असेल तर जरूर जा. नाहीतर रस्त्याकडेला पिठलं-भाकरी, ठेचा आणि घर.

## १०. घरी: पाट्याची कच काढणं

पाटा आणलात पण लगेच चटणी वाटू नका. टाकी लावल्यावर सुटलेली भुकटी खळग्यांत भरलेली असते. ती काढल्याशिवाय वाटलेलं काहीही दाताखाली कचकचतं.

पहिल्या दिवशी रात्रभर पाण्यात ठेवा किंवा ओलं पोतं गुंडाळा. सकाळी नारळाच्या शेंडीने, टाकीच्या ओळींच्या दिशेने घासा. साबण नको, खळग्यांत राहतो आणि पुढे चटणीला वास येतो. मग उन्हात वाळवा.

नंतर मूठभर तांदूळ भिजवून वाटा. पहिलं वाटण करडं निघेल. ते कुंडीत टाका, पाटा धुवा, परत तांदूळ. वाटण पांढरंशुभ्र निघेपर्यंत हेच. कंटाळा येतो, आणि नेमकं इथेच लोक सोडून देतात. त्यानंतर भिजवलेली हरभरा डाळ एकदा, मग जाडं मीठ आणि लसूण एकदा. हेही खायचं नाही.

तपासा: शेवटचं वाटण चमचाभर घेऊन वाटीभर पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. वाटी हळूच कलती करा. तळाशी काळी-करडी रेती साचलेली दिसली तर अजून तांदळाच्या दोन खेपा बाकी आहेत. काहीच नसेल तर पहिली चटणी वाटायला हरकत नाही.

रोज वापरून झाल्यावर नुसत्या पाण्याने धुवा आणि भिंतीला उभा टेकवून ठेवा. आडवा ओला ठेवला तर खळग्यांत बुरशी धरते. तापल्या गॅसच्या शेजारी ठेवू नका, तेल तर मुळीच लावू नका.

वापरून वापरून खळगे झिजतात, वरवंटा नुसता घसरायला लागतो आणि चटणीला दुप्पट वेळ लागतो. तेव्हा टाकी लावून घ्या. वरवंट्यालाही लावायची, हे सांगायला विसरू नका. टाकी लावून आणल्यावर तांदूळ वाटण्याचं काम परत करावं लागतं, फक्त या वेळी दोन-तीन खेपांत भागतं.